केसांची निगा : कालची व आजची

मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेत आपणही चार शब्द लिहावेत, असा भगिनींचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हाताला लेखणीपेक्षा लाटण्याची सवय अधिक. पण गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून मी जे विचारीत व वाचीत गेले, ते आपणांपुढे ठेवते.

पुतणीच्या लग्नाचा दिवस होता. माझ्या धाकट्या लेकीचे केस रेशमासारखे बारीक व थोडे कुरळे. न्हाऊन आल्यावर ते पुरते वाळण्याआधीच तिने विजेच्या इस्त्रीत धरले. चर्र आवाज झाला, जळका वास माजघरापर्यंत आला आणि कानामागची बट तुटून तिच्या हातात आली. पोर रडू लागली. "केसांपायी एवढे रडतात का?" असे मी रागाने बोलून गेले. सासूबाई मात्र तिला जवळ घेऊन बसल्या व त्यांनी लाकडी फणी मागितली.

सासूबाईंचे माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. त्यांच्या लहानपणी रानातून शिकेकाईच्या शेंगा आणीत, उन्हात वाळवीत आणि रिठा, नागरमोथा, गव्हला-कचरा घालून कुटून ठेवीत. न्हाणे झाले की गुंता टोकाकडून वर हलक्या हाताने सोडवायचा. केस निम्मे वाळले की फणीने सरळ करीत डोक्याभोवती सपाट गुंडाळायचे, वरून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बांधायचा आणि पुरते वाळल्यावरच सोडायचे. तेल अगदी थोडे, कारण बारीक केस तेलाने चिकटून बसतात. एखादी बट ऐकेना तर जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळून घेत आणि निवल्यावर तो बुळबुळीत रस बोटाने लावीत.

यामागे शास्त्र आहे. केस केराटिन नावाच्या द्रव्याचा बनलेला असतो. पाण्याने त्यातील काही नाजूक बंध सुटतात व वाळताना पुन्हा जुळतात; त्या वेळी केस ज्या आकारात असेल, तो आकार टिकतो. गंधकाचे बंध मात्र पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून हा सरळपणा तात्पुरता. आमच्याकडच्या धुक्या-पावसात तो संध्याकाळपर्यंतही राहत नाही. हवेतील ओलाव्याने केस लांबतो. याच गुणावर १७८३ साली सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचे आर्द्रता मोजण्याचे यंत्र वर्णिले होते!

तापलेल्या चिमट्याने केस वळवण्याची कला पॅरिसच्या मार्सेल ग्रातो यांनी १८७२ च्या सुमारास रूढ केली. पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील व इंग्लंडातील मुली चक्क कपड्यांच्या इस्त्रीखाली केस धरीत. आजची यंत्रे दीडशे ते सव्वादोनशे अंशांपर्यंत तापतात. ओला केस त्यात धरला की आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात व तो तेथेच तुटतो. बारीक केस तर लवकर तापतो. जळलेला केस पुन्हा सुधारत नाही. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर नवा येईल, त्याचीच वाट पाहायची.

फणी फिरवता फिरवता सासूबाई म्हणाल्या, "भोरला मामांच्या शेजारी एक सोवळ्या आजी होत्या. अंगावर लाल आलवण. आम्हा मुलींच्या वेण्या त्याच घालीत. शेवटची गाठ मारली की वेणीवरून क्षणभर हात फिरवीत आणि उठून जात."

मला पुढे बोलवेना. विधवांच्या केशवपनाविरुद्ध आपल्याकडे मोठा लढा झाला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच हे काम करण्यास नकार दिला. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचेही केशवपन झाले होते. त्यांनी पुढे ते सोडून केस राखले आणि आपली हकीकत 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात सांगितली. केस राखायला ज्या समाजात एवढे धैर्य लागले, तेथे लेकीच्या रडण्याला क्षुल्लक कसे म्हणावे? मी तिची समजूत काढली, माझी चूकही कबूल केली. तुटलेली बट सासूबाईंनी आत वळवून आंबाडा बांधला आणि लेक लग्नात मिरवली.

भगिनींनो, मुलींना हौस करू द्या. यंत्र वापरायचेच असेल तर केस पूर्ण वाळवून, कमी तापावर आणि क्वचितच वापरू द्या. एरव्ही फणी, जुने सुती कापड आणि थोडा धीर एवढ्यावर भागते. आणि फणी फिरवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. अशा गोष्टी तेव्हाच निघतात.