तळटीप : मेंदूतली जाळी
* ‘डोक्यात जाळी बसवली’ म्हणजे फ्लो डायव्हर्टर. हृदयातल्या स्टेंटसारखी ही जाळी अरुंद वाहिनी रुंद करत नाही. तिच्या दाट विणीमुळे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्यात शिरणारे रक्त मंदावते, आत गुठळी धरते आणि काही महिन्यांत तोंड बुजते. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेल्या ‘पाइपलाइन’ या अशाच जाळीच्या चाचणीत मोठे फुगवटे होते, वर्षाअखेर सुमारे ८७ टक्के पूर्ण बंद झाले. मात्र १०७ रुग्णांपैकी ६ जणांना मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. हा धोका किरकोळ नव्हे. जाळीतच गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल काही महिने चुकवून चालत नाही. पुण्यात उपचार घेऊन शिरूर-दौंडला परतलेल्यांनी, दात काढायचा असला तरी, गोळ्या परस्पर थांबवू नयेत. आधी जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. —संपा.