‘तुम्ही कुठले?’ : अमेरिकेतील पिस्तुल आणि रहिवास



युनियनच्या कचेरीत नवा माणूस आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो ‘तुम्ही कुठले?’ हा. त्याचे रेशनकार्ड, रहिवासी दाखला, मतदारयादीतले नाव, सारे या एका प्रश्नाशी बांधलेले असते. अमेरिकेत पिस्तुल विकणाऱ्या दुकानदाराला हाच प्रश्न गिऱ्हाइकाला विचारावा लागतो, तशी कायद्याची सक्तीच आहे. ती सक्ती कशी आली आणि तिने काय साधले, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही काही कायद्याचे पदवीधर नाही. कारखान्यांचे कायदे रात्री वाचून जी सवय लागली, त्याच सवयीने हाही विषय वाचला.

त्याकडे आम्ही वळलो ते एका संपामुळे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार ठार झाले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी काम थांबविले. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तेथे गेले आणि ४ एप्रिलला गोळी लागून मरण पावले. मारेकरी मिसूरी राज्याच्या तुरुंगातून पळालेला कैदी होता. खोटे नाव सांगून त्याने अलाबामा राज्यात रायफल विकत घेतली होती. तुरुंग एका राज्यातला, बंदूक दुसऱ्या राज्यातली आणि खून तिसऱ्या राज्यात!

अमेरिका हे संघराज्य. शस्त्रांचे कायदे बव्हंशी ज्या त्या राज्याचे. न्यूयॉर्क राज्याने १९११ सालीच खिशात लपेल अशा पिस्तुलास परवाना सक्तीचा केला. पण शेजारच्या राज्यातून ते मागविले तर? १९२७ साली मध्यवर्ती सरकारने टपालाने पिस्तुले पाठविण्यास बंदी घातली. खासगी पार्सल कंपन्यांना मात्र ती लागू नव्हती. १९३४ च्या कायद्याच्या मसुद्यात पिस्तुलांची नोंदणी होती, ती गाळली गेली आणि मशीनगनसारखी शस्त्रेच उरली. १९३८ साली विक्रेत्याला परवाना आला. त्याची फी एक डॉलर!

या फटीतून काय शिरते ते २२ नोव्हेंबर १९६३ रोजी जगाला दिसले. अध्यक्ष केनेडी यांच्यावर टेक्सासमधील डॅलस शहरी झाडलेली रायफल शिकागोच्या दुकानातून टपालाने आली होती. त्याच मारेकऱ्याने त्या दिवशी ज्या रिव्हॉल्वरने एका पोलिसाला मारले, ते लॉस एंजलिसहून पार्सल कंपनीमार्फत आले होते. दोन्ही वस्तू खोट्या नावाने मागविलेल्या. तरी नव्या कायद्याला पाच वर्षे लागली. किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, तेव्हा कुठे २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली.

या कायद्याने ठरविले की, दुकानदाराने परराज्यातील रहिवाशाच्या हाती पिस्तुल द्यायचे नाही. परक्या राज्यात एखादे पसंत पडले, तर ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावे आणि तेथून त्याने घ्यावे. खासगी माणसानेही परराज्यातील माणसाला ते विकू नये. रायफलींची अट १९८६ साली बरीच सैल झाली. पिस्तुलाची तशीच राहिली. रहिवास म्हणजे जेथे माणूस घर करून राहण्याच्या इराद्याने राहतो ते राज्य. सैनिकाच्या बाबतीत नेमणुकीचे ठिकाण असलेले राज्यही धरले जाते. हेतू असा, की प्रत्येक राज्याचा कायदा निदान त्याच्या रहिवाशांना तरी चुकविता येऊ नये.

तथापि नोंदणीचा प्रश्न सुटला नाही. देशभर नोंदणी हवी अशी जॉन्सन यांची मागणी होती. कायदेमंडळाने ती मानली नाही आणि १९८६ साली मध्यवर्ती नोंदवहीला बंदीच घातली. परिणामी हवाई राज्यात प्रत्येक बंदूक नोंदवावी लागते, तर फ्लोरिडात सरकारने अशी यादी ठेवणे हाच गुन्हा. कॅलिफोर्नियात राहायला येणाऱ्याने आपल्या पिस्तुलाची माहिती साठ दिवसांत कळवायची.

बाळगण्याची कथा याहून बिकट. मोटार चालविण्याचा परवाना एका राज्याचा असला तरी सर्वत्र चालतो; पिस्तुलाचा चालेलच असे नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक आई न्यू जर्सीत गाडी चालवीत असता पोलिसांनी तिला थांबविले. आपल्यापाशी पिस्तुल आहे, पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे, असे तिने आपण होऊन सांगितले. तिला अटक झाली आणि काही वर्षांच्या कैदेचे संकट तिच्यावर आले. २०१५ साली गव्हर्नरने माफी दिली तेव्हा ती सुटली. सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, हे विधेयक २०१७ साली प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटने ते संमत केले नाही. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत सज्ञान माणसाला पिस्तुल बाळगायला परवानाच लागत नाही. न्यूयॉर्कची खास कारण दाखविण्याची अट २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

आणि लबाड काय करतो? सैल कायद्याच्या राज्यातील एखादा रहिवासी गाठतो आणि त्याच्या नावावर माल उचलतो. व्हर्जिनियात घेतलेली पिस्तुले न्यूयॉर्कच्या गुन्ह्यांत सापडू लागली, म्हणून त्या राज्याने १९९३ साली महिन्याला एकच पिस्तुल अशी मर्यादा घातली. २०१२ साली ती उठविली, २०२० साली पुन्हा आणली.

आम्हा कामगारांना हा प्रकार नवा नाही. एका राज्यात मजुरी वाढली की शेजारच्या राज्यात कारखाना हलविणारा मालक आम्ही पाहिला आहे. कायदा सीमेपाशी थांबतो, माल थांबत नाही. म्हणून १९६८ चा कायदा निरुपयोगी होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खोट्या नावाने घरपोच पिस्तुल मागविण्याची वाट त्याने बुजविली, हे लहान काम नव्हे. पण ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाने खरे उत्तर देणारा बांधला जातो. त्या आईने खरे सांगितले आणि तीच अडकली.

मेम्फिसचा संप १६ एप्रिल १९६८ रोजी मिटला. किंग यांच्या मृत्यूनंतर बाराव्या दिवशी कामगारांच्या युनियनला मान्यता मिळाली. बंदुकीचा प्रश्न मात्र अजून राज्यांच्या सीमेवरच उभा आहे.