प्रबोधनकालीन मुद्रणकला आणि मराठी समाज : राशोल ते मिरज

प्रस्तावना

युरोपातील प्रबोधनकाळाचा विचार करताना होकायंत्र, बंदुकीची दारू आणि मुद्रणयंत्र या तीन साधनांचा उल्लेख एकत्र केला जातो. तिन्हींची पूर्वपीठिका चीनमध्ये सापडते. परंतु समाजजीवन ढवळून काढण्याइतका त्यांचा विस्तार युरोपात झाला. योहान गुटेनबर्ग याने माइन्झ येथे इ. स. १४५५ च्या सुमारास बायबलच्या अंदाजे १८० प्रती छापल्या. त्याचे खरे कर्तृत्व केवळ छापण्यात नव्हते. शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे सुटे खिळे साच्यातून हवे तितके ओतण्याची रीत त्याने सिद्ध केली. पान छापून झाले की जुळणी सोडवून त्याच खिळ्यांतून दुसरे पान, दुसरे पुस्तक, प्रसंगी पहिल्या पुस्तकाचे खंडन करणारे पुस्तकही तयार होऊ शकत होते. १५१७ नंतर ल्यूथरचे विचार जर्मनीभर पसरले आणि १५४३ मध्ये कोपर्निकस व व्हेसेलियस यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले, त्यामागे हीच शक्यता उभी होती.

हे यंत्र मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर फार लवकर आले होते. तरीही त्याचा सामाजिक परिणाम येथे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे दिसत नाही. या विलंबाचे कारण केवळ तांत्रिक मागासलेपणात शोधणे पुरेसे आहे काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

गोव्यातील मुद्रण

६ सप्टेंबर १५५६ रोजी जेझुइट धर्मप्रसारकांबरोबर मुद्रणयंत्र गोव्यात उतरले. वास्तविक ते अबिसीनियाकडे निघाले होते. येथे राहिले हा योगायोगच. सेंट पॉल महाविद्यालयात जुआंव द बुस्तामांत याच्या देखरेखीखाली त्यावर काम सुरू झाले. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता याचा भारतीय वनौषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ गोव्यात छापला गेला. १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीतील ख्रिस्ती प्रश्नोत्तरीही छापून झाली. देवनागरीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही.

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी भाषा आत्मसात केली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. १६०८ च्या एका पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांना अडचण कळविली होती : युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील. बाराखडी, जोडाक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा व उकार लक्षात घेता हा हिशेब अवास्तव म्हणता येणार नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. गोव्यातील मुद्रण त्याआधीच मंदावले होते. ते पुन्हा सुरू झाले १८२१ मध्ये.

मुंबईत भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्याच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला. तो छापू शकत होता, परंतु खिळे पाडण्याची कला त्याला अवगत नव्हती. प्रयत्न तेथेच थांबला.

मेणवली आणि मिरज

शिरवळहून खंबाटकीचा घाट ओलांडून वाईकडे गेल्यास जवळच कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा लागतो. तेथील घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयात मिळालेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. युरोपीय वस्तू मराठ्यांना परकी म्हणून त्याज्य वाटत असे, हे मत या एका घंटेपुढे टिकत नाही. याच नानांचे मोडी कागद ‘मेणवली दफ्तर’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत. तो सर्व व्यवहार बोरूने चालला होता, आणि कारकुनांच्या कसलेल्या हातांमुळे तो सुरळीत चालत होता, हेही मान्य केले पाहिजे.

गीतेच्या प्रती ब्राह्मणांना दान देण्याची नानांची इच्छा होती. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासातून मुद्रणाची कल्पना पुण्यात आली आणि एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्यास आरंभ केला. १८०० मध्ये नाना वारले. तो कारागीर मिरजेस गेला आणि गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने हे काम १८०५ मध्ये पूर्ण झाले.

मराठी मुलखातील मुद्रणाच्या इतिहासात मिरजेच्या या गीतेचा उल्लेख अभिमानाने होतो व तो योग्यच आहे. तथापि तिच्या मर्यादेकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कोरलेला पत्रा एकच पान पुनःपुन्हा देतो. त्याची अक्षरे सोडवून दुसरे पान जुळविता येत नाही. दानाचे प्रयोजन सिद्ध झाले आणि पत्र्यांचे कार्य संपले. येथे गुटेनबर्गपूर्व तंत्र वापरले गेले, याचे कारण हेतूच तेवढा होता : एक पवित्र ग्रंथ, ठरलेला वाचक, देणारा दाता.

याच १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांच्या साह्याने छापले गेले. तेथील खिळे घडविण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या देशी कारागिरांचे. स्टीफन्सच्या सहाशे साच्यांचे कोडे अखेर धातुकाम करणाऱ्या भारतीय हातांनीच सोडविले. मग पुण्याच्या तांबटाला ते अशक्य का असावे? जुन्नरचा व दौलताबादचा कागद होता, शाई होती, कोरीव कामाचे कसब होते. उणीव होती ती अनोळखी वाचकासाठी पुस्तक काढण्याच्या गरजेची. अक्षरज्ञान मूठभर जातींच्या हाती असताना ती गरज भासणार तरी कोणाला?

वाचकाचे आगमन

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. पंचांग घरोघरी लागणारे आणि दरवर्षी नवे. म्हणून ही घटना दिसते त्याहून मोठी आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. साताऱ्यातील कटगुण हे मूळ गाव असलेल्या घराण्यातील जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मिरजेची गीता ज्यांना दान द्यावयाची होती, त्यांच्याच वर्चस्वाला या पुस्तकाने जाब विचारला. दोहोंमध्ये अंतर अवघे अडुसष्ट वर्षांचे आहे.

राशोलच्या ग्रंथाला मात्र आणखी थांबावे लागले. त्याची एक देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनच्या मार्सडन संग्रहात होती. १९०७ ची मंगळूर आवृत्तीही रोमन लिपीतच निघाली. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेले देवनागरी ‘ख्रिस्तपुराण’ पुण्यात छापले गेले ते १९५६ मध्ये, म्हणजे गोव्याच्या धक्क्यावर यंत्र उतरल्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी.