एल्मर आणि एल्सी : दोन व्हॉल्व्हांची कासवे आणि वर्तनाचे कोडे

१/ १९४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या एका घरात दोन विलक्षण प्राणी जमिनीवर फिरत असत. दिवा दिसला की ते त्याच्याकडे सरकत, वाटेत खुर्चीचा पाय आला तर तो चुकवीत आणि ‘भूक’ लागली की आपल्या खुराड्यात परतत. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. दोघांत जीव नव्हता. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, दोन मोटरी आणि थोड्या तारा होत्या. या यांत्रिक कासवांनी विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे : वागण्यावरून मनाविषयी किती सांगता येते? 🧵

२/ कासवांचा जनक विल्यम ग्रे वॉल्टर. जन्म १९१० साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत, शिक्षण इंग्लंडमध्ये, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात. त्याचा अभ्यासविषय होता मेंदूतील विद्युत्-लहरी. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर याने मानवी मेंदूच्या अशा लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. वॉल्टरने १९३६ मध्ये याच तंत्राने मेंदूतील गाठीची जागा शोधता येते, हे दाखवून दिले. १९३९ मध्ये ब्रिस्टल येथे बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तो तेथे काम करू लागला.

३/ मेंदूच्या लहरी टाळूवर पोहोचेपर्यंत इतक्या क्षीण होतात की त्यांचे मोजमाप मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत करावे लागते. त्या कागदावर उमटवायच्या तर आधी त्यांचे प्रचंड वर्धन करावे लागे. म्हणून त्या काळात मेंदूचा अभ्यासक हा ॲम्प्लिफायर जोडणारा कारागीरही असे. वॉल्टरच्या एका हातात शरीरशास्त्र होते, तर दुसऱ्या हातात सोल्डरिंगची सळई. पुढची सारी कथा या दोन हातांच्या मेळाची आहे.

४/ वर्तनविज्ञानात त्या वेळी काय चालले होते? रशियात पावलोव्हने कुत्र्यांवर प्रयोग करून ‘अभिसंधान’ उलगडले होते : अन्नाशी वारंवार जोडलेला एखादा संकेत पुढे एकटाही लाळ सोडवतो. अमेरिकेत जॉन वॉटसनने १९१३ मध्ये वर्तनवादाचा पुकारा केला. १९३८ मध्ये स्किनरचा मोठा ग्रंथ आला. मनाविषयी तर्क लढवू नका, बाहेरून काय आत गेले आणि कोणते वर्तन बाहेर आले तेवढेच मोजा, असा हा पंथ होता. डबा मात्र बंदच राहिला.

५/ योगायोग असा की या चर्चेतला एक महत्त्वाचा दंडक ब्रिस्टलशीच निगडित आहे. ब्रिस्टल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कॉन्वी लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये सांगितले होते की, प्राण्याची एखादी कृती साध्या क्षमतेने समजावता येत असेल, तर तिच्यामागे उच्च मानसिक शक्ती गृहीत धरू नये. आज हा दंडक ‘मॉर्गनचा नियम’ म्हणून ओळखला जातो. कागदावर तो सोपा वाटतो. पण ‘साधी क्षमता’ म्हणजे किती साधी, हे दाखवणार कसे?

६/ उत्तराची एक वाट आधीच दिसली होती. जाक लोब या जीवशास्त्रज्ञाचे म्हणणे होते की, प्रकाशाकडे झेपावणाऱ्या पतंगाला कसलीही ‘इच्छा’ नसते. प्रकाश त्याचे शरीर वळवतो. १९१२ मध्ये अमेरिकेत जॉन हेज हॅमंड आणि बेंजामिन मीसनर यांनी सेलेनियमचे दोन ‘डोळे’ असलेला, दिव्यामागे धावणारा ‘विजेचा कुत्रा’ तयार केला. १९१८ च्या आपल्या ग्रंथात लोबने हे यंत्र स्वतःच्या मताच्या पुष्ट्यर्थ मांडले. यंत्र बांधणे हाही युक्तिवाद होऊ शकतो, हे येथे दिसले.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर या वाटेला गती आली. लष्कराचे उरलेले विद्युत्-साहित्य उपलब्ध झाले होते आणि ते हाताळणारी माणसेही. १९४८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ रॉस ॲश्बी याने हवाई दलाच्या बॉम्बयंत्रणेचे सुटे भाग वापरून ‘होमिओस्टॅट’ उभारला. त्याचे चार घटक एकमेकांना जोडलेले होते. कोणी समतोल बिघडवला की ते स्वतःची जोडणी बदलत पुन्हा स्थिर होत. वॉल्टरने त्याची थट्टा केली : हा तर शेकोटीपाशी झोपलेल्या मांजरासारखा, डिवचल्याशिवाय न हलणारा प्राणी!

८/ वॉल्टरला हिंडणारा, शोध घेणारा प्राणी हवा होता. १९४८-४९ मध्ये, नोकरीचे काम सांभाळून, पत्नी व्हिव्हियन डोव्ही हिच्या साथीने त्याने तो घरी घडवला. जुन्या घड्याळांची आणि गॅस-मीटरची दातेरी चाके त्यात बसली. त्याने स्वतःवर एक कडक बंधन घालून घेतले होते : प्रत्येक भाग दोनच. दोन व्हॉल्व्ह, दोन रिले, दोन कॅपॅसिटर, दोन मोटरी, दोन बॅटऱ्या आणि दोनच ज्ञानेंद्रिये. इतक्या कमी भागांतून किती गुंतागुंतीचे वर्तन निघते, हेच त्याला पाहायचे होते.

९/ कासवाला तीन चाके होती. पुढच्या चाकाला एक मोटर पुढे ढकलत असे, दुसरी त्याला गोल वळवत असे. त्याच वळत्या दांड्यावर प्रकाश टिपणारा फोटोसेल बसवला होता; त्यामुळे चाक ज्या दिशेला, ‘डोळा’ही त्याच दिशेला. हे पहिले इंद्रिय. दुसरे इंद्रिय म्हणजे वरचे कवच. ते सैल टांगलेले असे आणि कशावर आपटले की आतला विद्युत्-संपर्क जुळत असे.

१०/ नियम मोजकेच होते. अंधार असेल तर चाक सतत वळत राही आणि कासव अर्ध्या वेगाने पुढे जाई. त्यामुळे जमिनीवर वळणावळणांची वाट उमटे आणि डोळा साऱ्या खोलीवर फिरे. मध्यम प्रकाश दिसताच वळणे थांबे आणि कासव पूर्ण वेगाने त्याकडे निघे. प्रकाश फार प्रखर झाला की वळण अर्ध्या वेगाने पुन्हा सुरू होई आणि ते बाजूला सरके. जणू डोळे दिपल्यासारखे!

११/ ‘भूक’ही याच नियमांतून निघाली. खुराड्यात प्रखर दिवा आणि बॅटरी भरण्याची सोय होती. बॅटरी भरलेली असताना तो दिवा कासवाला दूर लोटत असे. बॅटरी उतरली की ॲम्प्लिफायरची संवेदनक्षमता घटे आणि तोच प्रखर दिवा मध्यम भासे. मग कासव सरळ आत शिरे, बॅटरी भरून घेई आणि पुन्हा बाहेर पडे. ‘मला भूक लागली आहे’ असे सांगणारा कोणताही भाग आत नव्हता.

१२/ सर्वांत सुंदर युक्ती अडथळ्याची. कवच आपटून संपर्क जुळला की ॲम्प्लिफायरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना आळीपाळीने चालू-बंद करू लागत. म्हणजे तेच सर्किट क्षणात ऑसिलेटर बनत असे. मग कासव कधी ढकले, कधी वळे, पुन्हा ढकले. तेवढा वेळ त्याला दिवा दिसत नसे. अडथळा सुटला की पूर्ववत. ‘संकटात अन्नाचा मोह सोडणे’ हे शहाणपण केवळ एका जोडणीत सामावले होते.

१३/ युरोपीय तत्त्वज्ञानात बुरिडानच्या गाढवाचे एक जुने कोडे आहे : समान अंतरावरच्या दोन गवताच्या भाऱ्यांमध्ये उभे राहून, निवड न करता आल्याने ते उपाशी मरते. दोन दिव्यांमध्ये ठेवलेले कासव मात्र अडकत नसे. फिरत्या डोळ्याला जो दिवा आधी दिसे तिकडे ते जाई. जवळ गेल्यावर दिपून मागे फिरे आणि दुसऱ्याकडे निघे. पाहणाऱ्याला हा ‘निर्णय’ वाटे.

१४/ या जातीला वॉल्टरने लॅटिन नाव दिले : ‘माकिना स्पेक्युलाट्रिक्स’, म्हणजे धुंडाळणारे यंत्र. ‘कासव’ हे संबोधन ‘ॲलिस इन वंडरलँड’मधून आले. तेथे एका शिक्षकाला ‘टॉर्टस’ म्हणतात, कारण इंग्रजी उच्चारात तो शब्द ‘टॉट अस’, म्हणजे ‘आम्हाला शिकवले’, यासारखा ऐकू येतो. विनोदाआड वॉल्टरचा दावा गंभीर होता : खेळणे बांधणाऱ्यालाही काही शिकवते.

१५/ मग आरशाचा प्रसंग घडला. सुकाणूची मोटर चालू आहे की नाही हे कळावे म्हणून कासवाच्या डोक्यावर एक छोटा दिवा लावला होता. कासव आरशासमोर आले की त्याला स्वतःचाच दिवा दिसे. दिसताच वळणे थांबे आणि दिवा विझे. दिवा विझताच आरशात अंधार, म्हणून वळणे सुरू होई आणि दिवा पुन्हा लागे. कासव आरशापुढे लुकलुकत, थरथरत नाचू लागे. समोरासमोर आलेली दोन कासवेही अशीच एकमेकांभोवती घुटमळत.

१६/ वॉल्टरने लिहिले की, हे नृत्य एखाद्या प्राण्यात दिसले असते तर ते काही अंशी आत्मभानाचा पुरावा मानले गेले असते. हे विधान दुधारी आहे. यंत्राला आत्मभान आले, असा अर्थ काढणारे काढतात. पण मॉर्गनच्या नियमाने पाहिले तर अर्थ उलटा निघतो : ज्या वर्तनाला आपण आत्मभान म्हणतो, ते एका दिव्याने आणि एका रिलेने घडू शकते, म्हणून तो पुरावा अपुरा आहे.

१७/ वर्तनविज्ञानाने पुढे कसोटी कडक केली. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप याने चिंपांझींच्या चेहऱ्यावर, त्यांना नकळत, रंगाची खूण केली आणि आरशात पाहून ते स्वतःच्या चेहऱ्यावरील ती खूण चाचपतात, हे दाखवले. नुसते आरशासमोर नाचणे पुरेसे नाही. प्रतिबिंबातील माहिती स्वतःच्या शरीराशी जोडता आली पाहिजे. एल्सी या परीक्षेत सपशेल नापास झाली असती.

१८/ वॉल्टर पुढे शिकण्याकडे वळला. कासवाच्या सर्किटाला जोडता येईल असे ‘कोरा’ हे उपकरण त्याने बांधले. शिट्टी आणि प्रकाश वारंवार एकत्र आले की त्यांच्या योगांची बेरीज आत साठे. बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की नुसत्या शिट्टीनेही कासव प्रकाश दिसल्यासारखे वागे. ही आठवण म्हणजे हळूहळू मंदावणारे विद्युत्-दोलन होते, म्हणून सराव थांबला की विस्मरणही होई. पावलोव्हचा कुत्रा आता सर्किटात उतरला होता.

१९/ आणि येथेच धोक्याचे वळण आले. एकच शिट्टी ‘अन्न’ आणि ‘संकट’ या दोन्हींशी जोडली की यंत्राचे वर्तन बिघडे. विश्रांती, वीज बंद करणे किंवा जोडणी तोडणे हे त्यावरचे उपाय. वॉल्टरने त्यांची तुलना मनोविकारांवरील तत्कालीन उपचारांशी केली : निद्रा, विद्युत्-धक्का आणि शस्त्रक्रिया. ब्रिटनमधील सुरुवातीच्या ल्युकॉटॉमी, म्हणजे मेंदूतील धागे छेदण्याच्या शस्त्रक्रिया, बर्डन संस्थेतच झाल्या होत्या. यंत्राची तार पुन्हा जोडता येते. माणसाच्या मेंदूतील छेदलेला धागा जोडता येत नाही. उपमा आणि पुरावा यांतील अंतर विसरले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

२०/ १९५१ मध्ये संस्थेतील तंत्रज्ञ वॉरन याने सहा सुधारित कासवे बांधली. त्यांपैकी तीन ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या विज्ञानप्रदर्शनात लोकांसमोर फिरली. वॉल्टरचे ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे पुस्तक १९५३ मध्ये आले. पण १९५६ च्या डार्टमथ परिषदेनंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचा ओघ संगणकातील चिन्हे आणि तर्क यांकडे वळला. जमिनीवर हिंडणारी कासवे अनेकांना निव्वळ करमणूक वाटू लागली.

२१/ विचार मात्र मेला नाही. १९८४ मध्ये व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग या मेंदुशास्त्रज्ञाने काल्पनिक छोट्या वाहनांवर एक पुस्तक लिहिले. त्याचे सार असे : आतून बाहेर येणे, म्हणजे यंत्र रचून त्याचे वर्तन पाहणे, उतरणीसारखे सोपे, बाहेरून आत शिरणे, म्हणजे वर्तन पाहून रचना ओळखणे, हा चढ. आणि चढावर माणूस नेहमी असते त्यापेक्षा अधिक गुंतागुंतीची रचना कल्पितो.

२२/ ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे रॉडनी ब्रुक्स नावाच्या एका हौशी तरुणाने ‘द लिव्हिंग ब्रेन’ वाचले आणि व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचे कासव बांधले. त्याचे नाव नॉर्मन. हाच ब्रुक्स पुढे एमआयटीत गेला. जगाचा संपूर्ण नकाशा डोक्यात न ठेवता, साध्या प्रतिसादांचे थर रचून यंत्रमानव चालवता येतो, असे त्याने १९८६ मध्ये मांडले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या आयरोबॉट कंपनीचा तो एक संस्थापक. तिचा रूम्बा हा केर काढणारा यंत्रमानव २००२ मध्ये आला. त्याची पुढची रूपे बॅटरी उतरली की आपणहून चार्जरकडे परततात, एल्सी खुराड्याकडे परतत असे तशीच.

२३/ वॉल्टरला १९७० मध्ये स्कूटरच्या अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली. १९७७ मध्ये त्याचे निधन झाले. १९५१ च्या कासवांपैकी एक आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आज पडद्यावरचे एखादे यंत्र ‘समजूतदार’ बोलले की लोक त्याच्या मनाविषयी वाद घालतात. अशा वेळी एल्सीची आठवण उपयोगी पडते. ‘हे किती हुशार वागते!’ एवढ्यावर न थांबता ‘याहून साध्या रचनेतून हेच वर्तन निघेल का?’ असे विचारणे, आणि शक्य असेल तेथे ती रचना स्वतः जोडून पाहणे, ही तिची शिकवण होय. (समाप्त)