ऐच्छिक विषय : शिवण, स्वयंपाक आणि १९३७ चे नागपूर

ज्यांचे शालेय शिक्षण मराठी शाळांत झाले आहे, त्यांपैकी अनेकांना आठवड्यातील ती एखादी तासिका आठवत असेल, जिच्या घंटेबरोबर वर्गाचे दोन भाग होत. मुली शिवणाच्या खोलीकडे जात. मुलगे सुतारकामाकडे, बागेकडे, नाहीतर सरळ मैदानाकडे. मुलींच्या दप्तरात त्या दिवशी सुईदोरा, कात्री आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा असे. त्या तुकड्यावर धावदोरा, साखळी टाका, काजे असा क्रमाने अभ्यास होई आणि वर्षअखेरीस एखादे झबले किंवा उशीचा अभ्रा परीक्षकांपुढे मांडला जाई. कोठे गृहशास्त्राच्या नावाखाली शिरा-पोहे करून दाखवावे लागत. हा विषय कधी 'ऐच्छिक' म्हणवला जाई, कधी 'कार्यानुभव'. इच्छा कोणाची आणि अनुभव कोणाचा, हे विचारण्याची पद्धत मात्र नव्हती.

मराठीत स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या दोन विषयांकडे त्या इतिहासाची तळटीप म्हणूनच पाहिले जाते. आमच्या मते ती तळटीप नाही. शिवण आणि स्वयंपाक यांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात, पण शाळेतील त्यांचे इतिहास एकसारखे नाहीत. शिवण शिकलेली स्त्री घराबाहेर पैसे मिळवू शकली. स्वयंपाक शिकलेली स्त्री बहुधा घरातच राहिली. असे का झाले, याचे उत्तर केवळ स्त्रीपुरुषभेदात सापडत नाही. ते जातीतही शोधावे लागते. आणि त्या शोधात नागपूर व वर्धा या दोन गावांचा १९३७ या एका वर्षाशी आलेला संबंध फार महत्त्वाचा आहे.

आरंभ पुण्यापासून करावा लागतो. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने निघालेल्या या शाळेत मुलींना इंग्रजी व गणित शिकवले जाई. १८८७ मध्ये 'मराठा' पत्रातून टिळकपक्षाने या अभ्यासक्रमावर कठोर टीका केली. मुलींना गृहकृत्यांस उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे आणि शाळेची वेळही घरकामात आड येणार नाही अशी ठेवावी, असा तिचा आशय होता. याच्या अगदी उलट टोकाला आगरकर उभे होते. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हे त्यांचे प्रतिपादन मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. आपण हा वाद 'सुधारक विरुद्ध सनातनी' असा शिकवतो. प्रत्यक्षात तो एका अगदी साध्या प्रश्नावरचाही वाद होता : मुलीच्या दिवसातले तास कोणाच्या मालकीचे?

धोंडो केशव कर्वे यांनी या वादात मधली वाट काढली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांच्या मनात आलेली कल्पना त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत मांडली आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि त्यात गृहव्यवस्था व आरोग्य यांना स्थान, हे त्याचे वैशिष्ट्य होते. या तडजोडीमुळे असंख्य मुलींना घराचा उंबरठा ओलांडता आला, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच तडजोडीने 'स्त्रियांचे विषय' अशी एक वेगळी कोठडीही तयार झाली, हेही नाकारता येत नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारच्या संस्था उभ्या राहत होत्या. हिंगण्याच्या आश्रमात काय किंवा १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात काय, शिकायला येणाऱ्यांत विधवा आणि निराधार स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांच्यापुढे लग्नाचा प्रश्न नव्हता, पोटाचा होता. नागपुरातही १९२७ मध्ये रमाबाई तांबे यांनी सेवासदन स्थापन केले. अशा ठिकाणी शिवण शिकणे म्हणजे 'सुगृहिणी' होणे नव्हे. महिन्याकाठी चार पैसे हाती येणे. सासरी-माहेरी कोठेही आश्रय नसलेल्या बाईला शिवणयंत्र हा तिचा स्वतःचा असा पहिला आधार ठरू शकत होता. म्हणजे एकच विषय हायस्कुलातील मुलीला घराकडे नेत होता आणि आश्रमातील विधवेला घरावाचून जगायला शिकवत होता. अभ्यासक्रमाच्या कागदावर हा फरक दिसत नाही. तो वर्गात कोण बसले आहे यावर ठरतो.

मग स्वयंपाकाचे काय? पाकशास्त्राचे मुद्रित ज्ञान मराठीत लवकर आले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० चे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० नंतर तीच जागा घेतली. परंतु या ज्ञानाचे वेतनात रूपांतर होणे कठीण होते. एक गमतीची विसंगती येथे नोंदवण्यासारखी आहे. बाजारात कपडे शिवणारा शिंपी पुरुष, लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष. म्हणजे ज्या कामाचे पैसे मिळत ते पुरुषाचे. शाळेत मात्र तीच दोन कामे मुलींचा उपजत स्वभाव म्हणून शिकवली जात. शिवणाच्या बाबतीत ही भिंत थोडीफार फुटली, कारण शिवलेला कपडा कोणाच्याही अंगावर चढतो. तो कोणी शिवला हे विचारले जात नाही. शिजवलेल्या अन्नाचे तसे नाही. ते कोणी रांधले, कोणी वाढले आणि शेजारी कोण बसले, हे विचारल्याशिवाय आपल्या समाजात घास तोंडाकडे जात नव्हता. स्वयंपाकाला सार्वजनिक विषय करायचे तर आधी पंगत सार्वजनिक व्हायला हवी होती.

या संदर्भात १९३७ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, हा तिचा निष्कर्ष. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरच्या आरंभी आपला अहवाल सादर केला. मूलोद्योगी शिक्षणाच्या या योजनेत मुलगे व मुली यांचा अभ्यासक्रम बराचसा एकच होता. परंतु वरच्या इयत्तांत मुलींना इच्छा असल्यास मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा प्रगत अभ्यास करण्याची मुभा ठेवलेली होती. हाताच्या श्रमाला ज्ञानाची प्रतिष्ठा देणारी, गेल्या शतकातील बहुधा सर्वांत धाडसी योजना. पण तिच्यातही 'मुलींसाठी' हा पर्याय मागील दाराने आत आलाच.

अहवालापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार मात्र पुढे गेला. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत आर्यनायकम दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली सामुदायिक स्वयंपाकघर हेच एक वर्गखोली बनले. मुलगे आणि मुली दोघेही तेथे राबत. धान्य निवडणे, शिजवणे, भांडी घासणे आणि खर्चाचा हिशेब मांडणे यांतून गणित, आहारशास्त्र व स्वच्छता शिकवली जाई. आणि एक तपशील : यंत्रांविषयी कमालीचे साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मधील एका संभाषणात ज्या मोजक्या यंत्रांना अपवाद मानले, त्यांत सिंगरचे शिवणयंत्र होते. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचले, हे त्यांना विशेष भावले होते. कष्ट पत्नीचेच असणार हे गृहीतही त्या कौतुकात दडलेले आहे. पण ते असो.

वर्धा ते नागपूर हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. झाकीर हुसेन समितीच्या अहवालानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९३७ च्या अखेरीस, नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. ही परिषद १९२७ मध्ये पुण्यास जन्मली ती मुळी स्त्रीशिक्षणाच्या सुधारणेसाठी. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय, जेथे गृहविज्ञानाचे उच्च शिक्षण १९३२ पासून सुरू झाले, ते तिच्याच प्रयत्नांचे फळ. गृहशास्त्राला विद्यापीठीय मान मिळवून देणाऱ्या स्त्रियांचे हे संघटन होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

या अधिवेशनास जाईबाई चौधरी उपस्थित होत्या. नागपूरच्या दलित वस्तीत मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा चालवणाऱ्या या शिक्षिका. त्याआधी मिशनच्या शाळेत शिकवत असता, महार बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून स्पृश्य पालकांनी आपली मुले शाळेतून काढली होती. परिषदेत जेवणाच्या वेळी जाईबाईंना इतरांपासून वेगळे बसवण्यात आले. या अपमानाच्या निषेधार्थ नागपूरच्या दलित स्त्रियांनी लगोलग सभा घेतली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथात हा इतिहास जतन केला नसता, तर तो आपल्यापर्यंत पोचलाही नसता. पुढे जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित स्त्रियांची भव्य परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा अशा मागण्या तिने केल्या.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. ऑक्टोबरात वर्ध्यास ठरते की हाताचे काम हेच शिक्षण. डिसेंबरात नागपुरास दिसते की हात कोणाचा यावर पान कोठे मांडायचे ते ठरते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नसे, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. कापडाच्या उद्योगातही विटाळाची रेषा तोंडापाशीच आखलेली होती. गृहशास्त्राच्या पाठ्यक्रमांत जीवनसत्त्वे आली, उष्मांक आले, भाज्या धुण्याची शास्त्रीय रीत आली. ही रेषा मात्र आली नाही. जो विषय घराविषयी सर्व काही शिकवण्याचा दावा करतो, तो घराचा सर्वांत कडक नियम गाळतो, हे आम्हांला आकस्मिक वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर समित्यांनी बरेच शहाणपण दाखवले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या सात गटांत गृहविज्ञान हा एक गट होता. १९६२ मध्ये नेमलेल्या हंसा मेहता समितीने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमात लिंगावरून भेद करू नये आणि मधल्या टप्प्यावर गृहविज्ञान दोघांनाही शिकवावे, असे सुचवले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये त्याच दिशेने जाऊन हा विषय मुलींवर सक्तीचा नसावा असे म्हटले. शिफारसी उत्तम होत्या. वर्गाचे दोन भाग करणारी घंटा मात्र अनेक शाळांत वाजतच राहिली.

निवड म्हणजे काय, हे समजून घ्यायला नागपूरच्याच कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) पुन्हा वाचावे. महार घरातली मुलगी संस्कृत हा विषय घेते. त्यावर सभोवताली उमटणारे आश्चर्य, कौतुक आणि कुत्सितपणा त्यांनी नोंदवला आहे. एम. ए. होऊनही नोकरी मिळाली ती विवाहानंतर आडनाव बदलल्यावर, हेही त्या सांगतात. येथे विषय खरोखर ऐच्छिक आहे, कारण तो घेण्याची अपेक्षा कोणीही केलेली नाही. अपेक्षेबरहुकूम घेतलेल्या विषयाला ऐच्छिक म्हणणे हा केवळ प्रशासकीय शब्दप्रयोग होय. ज्या दिवशी एखादा मुलगा शिवणाच्या खोलीत जाईल आणि कोणी हसणार नाही, त्या दिवशी त्या खोलीतल्या मुलींनीही तो विषय निवडला असे म्हणता येईल.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांतही गृहशास्त्राचा गट होताच. शिवणाचे 'फॅशन डिझाइन' झाले, स्वयंपाकाचे 'केटरिंग' झाले. आणि नाव इंग्रजी होताच, पैसा दिसताच, मुलगेही आले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघेही भाजी निवडताना दाखवले गेले, त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. भाजी निवडणाऱ्या बापाचे चित्र ही २०१९ मध्येही बातमी ठरावी, यावरून आगरकरांपासून आपण किती चाललो याचा अंदाज बांधता येतो. सेवाग्रामात २००५ पासून 'आनंद निकेतन' शाळा पुन्हा सुरू आहे आणि तेथे मुलगे-मुली मिळून स्वयंपाक करतात, हेही त्याच हिशेबात जमेच्या बाजूस मांडले पाहिजे.

एक गोष्ट राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर देशभरातील प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. विदर्भातल्या कोणत्याही खेड्यातील शाळेच्या आवारात आज चूल किंवा गॅस आहे, मोठे पातेले आहे, आणि तुटपुंज्या मानधनावर खिचडी शिजवणारी गावातलीच एखादी बाई आहे. शेकडो मुलांचा अंदाज, धान्याचे माप, वेळेचे गणित तिला चोख येते. मुले एका पंगतीत तिच्या हातचे जेवतात. क्वचित कोठे जेवत नाहीत, आणि मग जातीची ती जुनी रेषा पुन्हा डोके वर काढते. जाईबाईंना जी पंगत १९३७ मध्ये नाकारली गेली, ती आज शाळेतच रोज मांडली जाते. पण या स्वयंपाकाची तासिका वेळापत्रकात नाही, आणि तो करणाऱ्या बाईचे नाव शिक्षकांच्या यादीत नाही. गृहशास्त्राच्या एकशेचाळीस वर्षांच्या वादाचा निकाल कोठे शोधायचा असेल, तर आम्ही आधी त्या पातेल्याशी जाऊ.