दुकानातलं अंडं आणि एकवीस दिवस

मी अभनपूरहून बोलतोय. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. राजिमला जाणारा छोट्या रेल्वेचा फाटा इथूनच फुटायचा. निवृत्तीनंतर मी इथे स्थायिक झालो आणि आपली ही इतिहासाची मालिका इथल्याच ओसरीवरून सुरू आहे.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आला. इंदूर, बेळगाव, बडोदा अशा ठिकाणच्या आजीआजोबांनी जवळजवळ एकच गोष्ट विचारली आहे: "नातवंडं म्हणतात, दुकानातलं अंडं बल्बखाली ठेवलं की एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर येतं. हे खरं का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. किराणा दुकानातल्या ट्रेमधलं पांढरं अंडं वर्षभर उबवलं तरी त्यातून पिल्लू येणार नाही. गावच्या बाजारातलं गावरान अंडं मात्र फुटू शकतं. दिसायला दोन्ही सारखीच, मग फरक कुठे पडला? तो निसर्गाने पाडलेला नाही, माणसाने पाडला आहे. ती गोष्ट काही हजार वर्षांची आहे आणि भारतापुरतं तिचं शेवटचं प्रकरण पुण्याभोवती फिरतं.

सुरुवात जंगलातून करू. आपल्या कोंबडीचा मूळपुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो सालवृक्षांच्या रानात राहतो, म्हणून छत्तीसगडच्या जंगलात आजही त्याची बांग ऐकू येते. सह्याद्रीत आढळतो तो करडा रानकोंबडा, त्याचा चुलतभाऊ. हा पक्षी माणसाच्या अंगणात कसा आला, यावर २०२२ मध्ये एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणचे आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातले. संशोधकांचा तर्क असा की माणूस कोरडवाहू भात आणि भरड धान्य पिकवू लागला, तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या झाडांवरून शेतात उतरल्या. मी राहतो त्या मुलखाला धानाचा कटोरा म्हणतात. इथे खळ्यावर टिपणाऱ्या कोंबड्या पाहिल्या की तो तर्क लगेच पटतो.

कोंबडी घरात आली, पण पिल्लं काढण्याचं काम तिच्याकडेच राहिलं. ती खुडूक झाली की अंड्यांवर बसणार, एकवीस दिवस उठणार नाही, जेमतेम दाणापाणी करून परत येणार. खुडूक असताना ती अंडी देत नाही. ही अडचण आधी लक्षात आली ती इजिप्तमधल्या लोकांच्या. कच्च्या विटांच्या भट्ट्या बांधून ते हजारो अंडी एकदम उबवत. इजिप्तमध्ये अंडी खताच्या उकिरड्यात उबवतात, असं ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं आहे. त्याच ग्रंथात त्याने रोज एक अंडं फोडून पिल्लू आत कसं घडत जातं याची नोंदही केली. थर्मामीटर नव्हतं तेव्हा भट्टीवाले अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई.

पूर्वेकडे, चीन आणि बंगालच्या बाजूला, भाताचा तूस वापरला जाई. गरम केलेल्या तुसात अंडी थरांनी रचायची. पुढे वाढ झालेल्या पिल्लांच्या अंगचीच उष्णता नव्या अंड्यांना मिळते. याला विजेचा खर्च नाही, पण लक्ष रात्रंदिवस ठेवावं लागतं.

युरोपात १७४९ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच कलेवर पुस्तक लिहिलं. तापमान मोजायचं एक प्रमाण त्याच्या नावाने ओळखलं जातं. पापणीच्या जागी त्याने थर्मामीटर आणलं. पुढे १८७९ च्या सुमाराला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइस याने विकण्याजोगं उबवणी यंत्र तयार केलं आणि ते गाव अंड्यांची राजधानी म्हणून गाजलं.

या धंद्याला निसर्गानेही एक सवलत दिली आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं. ही शिदोरी असल्यामुळेच एक दिवसाची पिल्लं पेटीत घालून दूर पाठवता येतात. अमेरिकेत तर ती टपालाने जाऊ लागली. मग शेतकऱ्याला खुडूक कोंबडीची गरजच उरली नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी अमदानीत डाकबंगल्यात साहेब उतरला की खानसामा अंगणातली कोंबडी पकडायचा आणि थोड्या वेळात ती ताटात. या पदार्थाला इंग्रज 'सडन डेथ' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या शब्दकोशात ही नोंद आहे. म्हणजे पक्षी अंगणातला आणि अंडीही अंगणातली. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार. त्यातली काही खायची, काही विकायची, काही तिच्याखाली ठेवायची.

स्वातंत्र्यानंतर सरकारने उबवणी केंद्रं काढली. पुण्यात खडकीला, शिवाय नागपूर, कोल्हापूर, औरंगाबादला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं उभी राहिली. विदेशी वाण आले. त्यातला व्हाइट लेगहॉर्न हा पांढरा पक्षी इटलीच्या लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखला जातो. याच्या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, कारण त्यांच्यातला खुडूकपणा निवड करकरून काढून टाकलेला आहे. बसायची वृत्तीच नाही म्हणून अंड्यांत खंडही नाही.

मग आले डॉ. बी. व्ही. राव. त्यांच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ ची. पुण्यातून हा उद्योग देशभर पसरला. त्या काळी अंड्यांचा भाव व्यापारी ठरवत आणि पडत्या भावात शेतकरी बुडत. रावांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. भाव उत्पादकांनी जाहीर करायचा, ही कल्पना तेव्हा मोठी होती. दूरदर्शनवरची अंड्यांची जाहिरात तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, ती याच समितीची. राव यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. अंडं गरिबाच्या ताटात आलं, याचं मोठं श्रेय या लोकांना आहे. सीमेवरच्या जवानाच्या ताटातही ते आलं. उंचावरच्या चौक्यांवर मी दगडासारखी गोठलेली अंडी पाहिली आहेत आणि ती वितळवून केलेल्या आम्लेटची चवही विसरलेलो नाही.

या नव्या व्यवस्थेत एक गोष्ट शांतपणे घडली. अंडं देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. मग खाण्याच्या अंड्यांच्या फार्मवर कोंबडा कशाला पोसायचा? तो फक्त पैदाशीच्या फार्मवर राहिला. दुकानातलं अंडं वांझ झालं ते असं.

याला एक नैतिक बाजूही मिळाली. गांधीजी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे त्यांनी आरोग्यावर जे लिहिलं, त्यात म्हटलं की कोंबड्याशिवाय मिळालेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. अनेक मराठी घरांत अंडं शिरलं ते याच युक्तिवादाचं बोट धरून.

तर नातवंडांना काय सांगायचं? पिल्लू काढायचं असेल तर अंगणात कोंबड्यासह फिरणाऱ्या कोंबडीचं अंडं आणा. नुसता तपकिरी रंग बघून फसू नका. रंग जातीवर ठरतो आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. अंडं फ्रिजमधलं नको, धुतलेलं नको, आठवड्याहून जुनं नको. आणलेल्यातली दोन फोडून बघा. बलकावर पांढरा ठिपका असतो. तो फळलेल्या अंड्यात कड्यासारखा, मध्ये गोल अशा आकाराचा दिसतो. वांझ अंड्यात तो लहान आणि वेडावाकडा असतो.

मी गेल्या जानेवारीत इथल्या आठवडी बाजारातून बारा अंडी आणली. छत्तीसगढीत कोंबडीला कुकरी म्हणतात आणि अंड्याला गार. मराठी कानाला गंमत वाटते. जानेवारी निवडला, कारण मे महिन्यात इथला पारा अंड्याला लागणाऱ्या तापमानाच्याही वर जातो आणि पिल्लू आतच मरतं. दोन फोडली, दोन्हींत कडं दिसलं. उरलेली दहा थर्माकोलच्या पेटीत ठेवली. आत बल्ब, थर्मोस्टॅट, हवा फिरवायला छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअस. अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. त्यानंतर हात लावायचा नाही, फक्त ओलावा वाढवायचा. ही ड्यूटी लावलेल्या पहाऱ्यासारखी आहे, एक पाळी चुकली तरी चालत नाही.

सातव्या रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिलं. तीन अंडी कोरी होती, ती काढली. बाकी सातांत कोळ्यासारख्या लाल रेषा पसरलेल्या दिसल्या. बाविसाव्या दिवसापर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. शेजारच्या म्हातारबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, माझी कुकरी खुडूक बसलीच होती की! बरोबर आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण तिने जे केलं असतं ते काय असतं, हे मला त्या एकवीस दिवसांत समजलं.

माझ्या पाचांतले तीन कोंबडे निघाले. खरा प्रश्न इथे सुरू होतो. घरी पिल्लं काढली की साधारण निम्मे नर निघणार. ते अंडी देणार नाहीत, एकमेकांशी भांडणार, पहाटे शेजाऱ्यांना उठवणार. त्यांचं काय करायचं, हे अंडी पेटीत ठेवण्याआधी ठरवा. मी दोन कोंबडे जागा असलेल्या घरी दिले, एक ठेवला. उद्योगाने हा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सोडवला आहे. अंड्यांच्या वाणातलं नर पिल्लू मांसासाठीही परवडत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारलं जातं. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. आपल्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा प्रश्न हाती घेतला, पण दाटीचे पिंजरे आजही आहेत. ज्या अंड्यातून पिल्लू येत नाही म्हणून आपण ते निर्धास्त खातो, त्यामागे कुठेतरी जन्मलेली आणि टाकून दिलेली पिल्लं आहेत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी अंडी सोडलेली नाहीत, तुम्हालाही सांगत नाही. पण माहीत असावं.

अंगणातल्या पक्ष्यांबाबतही एक सावधगिरी सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. फार्मवरचे लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि आसपासच्या घरांतल्या पाळलेल्या कोंबड्याही गेल्या. फार्म आणि अंगण वेगळे असले तरी रोगाला ती सीमा कळत नाही. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पक्षी अचानक मरू लागले तर झाकून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

म्हणून नातवंडांना नाही म्हणू नका. दुकानातलं एक अंडं आणि गावातलं एक अंडं त्यांच्यासमोर बशीत फोडा, दोन्ही ठिपके दाखवा आणि फरक का पडला ते सांगा. त्यानंतरही त्यांना पिल्लू हवं असेल, तर एकवीस दिवसांच्या पहाऱ्याची आणि त्यानंतर कोंबड्याला जागा देण्याची तयारी करून घ्या.

पुढच्या भागात या मुलखातल्या कडकनाथविषयी बोलू. २०१८ मध्ये त्याचं भौगोलिक मानांकन झाबुआला मिळालं, पण दंतेवाड्यानेही त्यावर दावा केला होता. तो वादही ऐकण्यासारखा आहे. तोवर रजा घेतो. जय हिंद.