हजेरीपटातली माणसे

आपण लष्करात राहतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ पडला, तो पुन्हा उठलाच नाही आणि त्या तळाचेच शहर झाले. 'शिंदे की छावनी' हा पत्ता आजही पाकिटावर लिहिला जातो. पण त्या तळावरच्या एका साध्या शिपायाचे नाव सांगा म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? सरदारांची नावे वाड्यांना आणि पेठांना मिळाली. शिपायांची कुठे गेली?

हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला तो एका परक्या पलटणीमुळे. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. त्यात लढलेल्या 54व्या मॅसॅच्युसेट्स या पायदळ पलटणीवर 1989 साली 'ग्लोरी' नावाचा चित्रपट निघाला. तो पाहिला आणि कचेरीतून आल्यावर संध्याकाळी या पलटणीविषयी मिळेल ते वाचण्याचा नाद लागला.

1 जानेवारी 1863 रोजी अध्यक्ष लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि कृष्णवर्णीयांना फौजेत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ही पलटण उभी केली. शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी मात्र गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा होता. थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे साधे शिपाई म्हणून भरती झाले. 28 मे 1863 रोजी पलटण बोस्टनहून निघाली.

चित्रपट पाहून वाटते की हे बहुतेक सगळे पळून आलेले गुलाम होते. पलटणीची कागदपत्रे वेगळेच सांगतात. बहुसंख्य शिपाई उत्तरेतले स्वतंत्र नागरिक होते. कोणी शेतमजूर, कोणी न्हावी, कोणी खलाशी. हे कळते कसे? भरतीच्या वेळी प्रत्येकाचे वय, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, जन्मगाव आणि धंदा वहीत लिहीत. आम्ही सरकारी नोकर, आम्हाला हे वाचून हसू आले. आमच्या सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावरही उंची आणि ओळखीची खूण असतेच!

त्याशिवाय दर दोन महिन्यांनी प्रत्येक कंपनीचा हजेरीपट होई. हजर, गैरहजर, रुग्णालयात, कैदेत, मृत. युद्धानंतर पेन्शनच्या अर्जांचा एवढा ढीग साचला की 1890 च्या सुमारास तिथल्या युद्धखात्याने कारकून बसवून हजेरीपटांतल्या नोंदी शिपायागणिक कार्डांवर उतरवून घेतल्या. हेतू इतिहासाचा नव्हता, पेन्शनचा हिशेब लवकर लागावा एवढाच होता. पण त्या कारकुनांनी केलेले काम आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नाव ठाऊक असेल, तर एकेका शिपायाचा माग काढता येतो.

असाच एक माणूस आम्हाला भेटला. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग, सी कंपनी. न्यू बेडफर्ड बंदरातून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर जाणारा खलाशी. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा तो भरती झाला आणि छावणीतून गावच्या वर्तमानपत्राला पत्रे लिहू लागला. जहाजाच्या कागदांत त्याने जन्मस्थान न्यूयॉर्क राज्यातले ट्रॉय असे सांगितले होते आणि पुष्कळ वर्षे अभ्यासकांनी ते खरे मानले. पुढे एका अनाथाश्रमाची दप्तरे तपासली गेली, तेव्हा उलगडा झाला. गुडिंग नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणूनच जन्मला होता. लहानपणी त्याचे स्वातंत्र्य विकत घेऊन त्याला उत्तरेत आणले होते. कागद खोटे बोलला, कारण खरे बोलणे त्याला धोक्याचे होते. म्हणूनच एका कागदावर विसंबू नये, दुसरा शोधावा.

18 जुलै 1863 च्या संध्याकाळी या पलटणीने चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर समुद्रकाठच्या वाळूतून हल्ला चढवला. सुमारे 600 जण गेले. त्यांतले जवळपास निम्मे मारले गेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती सापडले. कर्नल शॉ तटावरच पडला. त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. पुढे त्याचा देह हलवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा वडिलांनीच नको म्हटले. मुलगा आपल्या माणसांजवळच बरा. जखमी अवस्थेत निशाण सांभाळून परतलेल्या विल्यम कार्नी याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते 1900 साली, म्हणजे 37 वर्षांनी.

पण आमच्या मते या पलटणीची खरी लढाई पगाराची होती. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. यांना भरतीच्या वेळी तेवढेच कबूल केले होते. प्रत्यक्षात 10 ठरवले आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापायचे, हातात 7. कारण काय, तर त्यांचा पगार मजुरांसाठी केलेल्या कायद्याखाली बसवला होता! पलटणीने पगार घ्यायलाच नकार दिला. राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार झाले, तेही नको म्हटले. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हता, शिपाई म्हणून मान्यतेचा होता. घरी बायकामुले हालात होती, तरी हे जवळपास दीड वर्ष चालले. सप्टेंबर 1863 मध्ये गुडिंगने थेट लिंकन यांना पत्र लिहिले. काम शिपायाचे घेता, मग दाम मजुराचे का, असा त्याचा आशय.

जून 1864 मध्ये समान पगाराचा कायदा झाला. थकबाकी पलटणीच्या हाती पडली सप्टेंबरच्या अखेरीस. गुडिंग तेव्हा नव्हता. फेब्रुवारीत ऑलस्टीच्या लढाईत जखमी होऊन तो कैद झाला होता आणि अँडरसनव्हिलच्या बंदिखान्यात 19 जुलै रोजी मरण पावला.

31 मे 1897 रोजी बोस्टनमध्ये या पलटणीचे ब्राँझचे भव्य शिल्प उभे राहिले. शिल्पकार ऑगस्टस सेंट गॉडन्स. घोड्यावर शॉ, बाजूने चालणारे शिपाई. मागच्या बाजूला मारल्या गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची नाहीत. ती कोरली गेली 1980 च्या दशकात. वाचकहो, ती नावे तेव्हाही कोरता आली, कारण ती कुणीतरी लिहून आणि जपून ठेवली होती.

विधवांच्या पेन्शनची प्रकरणे तर वाचताना गलबलून येते. गुलामांच्या लग्नाची सरकारी नोंद नसे. मग शेजारी, सोबती, सुईण यांचे जबाब घेत. कोण कुणाची बायको, मूल कधी झाले, हे सारे त्यात आले. सही येत नसेल तिथे फुलीची निशाणी. आपल्या जुन्या मोडी कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, तिची आठवण झाली.

आता आपल्याकडे वळू. आमच्या घरीही "पणजोबांचे आजोबा महादजींच्या फौजेत होते" असे सांगतात. कोणत्या पथकात, काय पगारावर, गाव कोणते, हे कुणालाच माहीत नाही. माळ्यावर एक रुमाल होता म्हणे, त्यात मोडी कागद होते. एका गणपतीच्या आधीच्या झाडलोटीत तो रद्दीत गेला. कुणालाच मोडी वाचता येत नव्हती, दोष कुणाला द्यायचा?

तेव्हा एवढीच विनंती. यंदाची गणपतीची झाडलोट झाली असेल, पण दिवाळीची बाकी आहे. माळ्यावर रुमाल सापडला, तर तो वाचता येत नाही म्हणून टाकू नका. सनद असो, पेन्शनचा कागद असो, किराण्याचा हिशेब असो, आधी त्याचा फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावे विचारा आणि लिहून घ्या. मोडी जाणणारे आज थोडे आहेत, पण आहेत. कागद राहिला, तर वाचणारा केव्हातरी भेटेल.